एका हारात दोन सर्व्हर

माझी मोठी जाऊ मरियाताई रविवारी घर सोडून सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती, आणि मी इकडे कारखान्याच्या थंडगार खोलीत डिस्कांची वाटणी करत बसले होते. काय म्हणावं या कर्माला!

बेलापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात त्या वर्षी दोन सर्व्हर आले. एक बंद पडला तर दुसऱ्यानं काम उचलायचं. हंगामात वजनकाटा थांबता कामा नये. दोघांत मिळून डिस्कांचं एकच कपाट. कुठली डिस्क कोणाकडे, कशाला किती जागा, हे सगळं मी ठरवायचं. दोघांनी एकदमच एका डिस्कवर लिहिलं की झालाच चिवडा. म्हणून मध्ये एक बारीक वायर, तिच्यातून ते एकमेकांना सारखं ‘मी आहे, मी आहे’ कळवायचे. शिवाय एक छोटी डिस्क मी वेगळी काढली होती. वायर तुटली तर जो ती आधी धरेल त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं मुकाट बाजूला व्हायचं.

“एवढी जागा वाया घालवताय, स्टेलाबाई?” साहेब म्हणाले.

“घालवू द्या,” मी म्हटलं. असं ठरवणारं मध्ये कोणी नसलं की काय होतं ते मी घरी भोगत होते.

आमच्या घरी ते काम सासूबाईंचं. दोन सुना, एक स्वयंपाकघर. मीठ कोणी घालायचं ते त्या सांगायच्या. उन्हाळ्यात त्या गेल्या. मातीच्या दिवशी मरियाताई रडत बसलेली, तिला कसलं भान, म्हणून आमटीत मी मीठ घातलं. तिला वाटलं, स्टेलाला कसलं भान. तिनंही घातलं. पंगतीत पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. “मुद्दाम केलंस,” ती म्हणाली. “तूच केलंस,” मी म्हणाले. झालं! तेव्हापासून दोन शेगड्या, पाठीला पाठ आणि अबोला. माझं मेलीचं तोंड एरवी गावभर चालतं, तिच्यापुढे मात्र उघडेना.

खंडेनवमीची दुपार होती. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, आत एसीची घुमघुम. कपाटावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि बघता बघता माझा डोळा लागला. दिव्यांच्या बरण्या झाल्या, हळदीची, तिखटाची, मिठाची. मधोमध सासूबाई पाय पसरून बसलेल्या. मिठाची बरणी मांडीवर, आणि देतच नव्हत्या कोणाला. कुठूनतरी झेंडूचा वास येत होता. मग एक घरघर अचानक थांबली.

दचकून उठले. दोन्ही सर्व्हरना मिळून झेंडूचा एकच लांब हार, वर हळदकुंकू, आणि फिटर गोरक्षभाऊ हात जोडून उभे.

“काय चुकलं का, मॅडम? दोगं भाऊ हायेत म्हनून एकच हार घातला. ती बारकी वायर मधी येत हुती, काढून ठिवली.”

घाईघाईनं सगळ्या डिस्का तपासल्या. एक अक्षर बिघडलं नव्हतं. एकानं ती छोटी डिस्क धरली होती, दुसरा आपला आपण गप झाला होता. दोघंही धडधाकट, आणि दोघांनाही वाटलेलं की दुसरा गेला. मला एकदम रडूच फुटलं.

“लई मोटं नुकसान झालं का वं?” गोरक्षभाऊ घाबरले.

“नाही हो भाऊ. हार राहू द्या.” मी वायर जोडली आणि घरचा रस्ता धरला.

मरियाताई बरण्या कागदात गुंडाळत होती. तिच्या शेगडीवर आमटी रटरटत होती. मी उंबऱ्यातूनच विचारलं, “मरियाताई, मीठ घातलंस का गं?”

तिनं हातातली बरणी खाली ठेवली.

“नाही,” ती पाठमोरीच म्हणाली. “त्या दिवसापासून भांड्यात घातलंच नाही मी. आम्ही ताटात वरून घेतो. म्हटलं, न जाणो, स्टेला कधीतरी येऊन घालायची.”

इतके महिने! आणि मी म्हणत होते, हिला माझी पर्वाच नाही. मी मिठाच्या बरणीत हात घातला.

“अगं, बेतानं! पुन्हा पंगत उठवायचीय का?” ती वळून ओरडली, आणि ओरडता ओरडताच हुंदके द्यायला लागली.

मी माझी शेगडी पेटवलीच नाही. ती डोळे पुसत बरण्यांवरचा कागद काढायला लागली.