गिधाड उडेना

वाघानं मारलेल्या गाईजवळ गिधाड बसलं होतं आणि काही केल्या उडत नव्हतं. माणसं जवळ आली की पंख पसरायचं, दोन उड्या मारायचं अन् पुन्हा खाली. गाईचे मालक नत्थुजी त्याच्याकडे एकटक बघत होते. सकाळीच त्यांनी पाहिलं होतं, गोठ्यातली फवारणीच्या औषधाची बाटली जागेवर नव्हती. आणि काल गाय गेल्यावर त्यांचा मुलगा बंडू साऱ्या गावासमोर ओरडला होता, "त्या वाघाले जित्ता सोडत नाई!" धारणीकडच्या राखीव जंगलात असं बोलू नये, पण बंडूच्या जिभेला हाड नाही.

वनरक्षक आकांक्षा गाडी लावून आली. "गाईवर औषध टाकलं असंन तर हे मान टाकंन. नुसतं हावरटावानी खाल्लं असंन तर ऊन चढल्यावर उडंन. बसा."

बसा म्हणे! नत्थुजी बसले, पण डोळे बंडूवर. तो नखं कुरतडत होता, बापाकडे बघायचं टाळत होता. काहून टाळतो? नत्थुजींना त्याच्या प्रत्येक हालचालीत गुन्हा दिसू लागला. मारलेल्या गाईवर वाघ परत येतोच, आणि वाघाला विष म्हणजे सरळ तुरुंग, आणि बंडूचं लेकरू अजून पाळण्यात.

गिधाडानं मान वाकवली अन् ते भडाभडा ओकलं.

नत्थुजी ताडकन उठले. "मॅडम, औषध म्या टाकलं. बंडूले काईच मालूम नाई. मले घेऊन चाला."

आकांक्षा काही बोलणार तोच गिधाड उतारानं पळत सुटलं, लग्नात उशिरा पोचलेल्या जाड्या व्याह्यासारखं. लांबरुंद पंख आपटत ते बांधापाशी पोचलं आणि उडालं.

"जड झालं होतं मेलं," आकांक्षा हसली. "पंख केवढेबी असू द्या, इतकं मांस पोटात घेऊन उठता येत नाई त्याले. ओकलं, हलकं झालं, गेलं." मग तिचं हसू थांबलं. "पण काका, तुमी काहून कबूल झाले?"

नत्थुजींनी बंडूकडे पाहिलं. बंडूचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमाले मी वाटलो?"

"मंग बाटली कुठी हाये?"

"गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगाखाली. म्याच लपवली." बंडूनं आता बापाकडे सरळ पाहिलं. "काल तुमी जेवले नाई, कोनाशी बोलले नाई. मले वाटलं, तुमीच टाकसान."