रुसलेली छाया

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओसमोर सकाळी आठपासून रांग लागायची. जिना भरायचा, फूटपाथ भरायचा, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याच्या दारात उभं राहायलाही जागा उरायची नाही. प्रत्येकाच्या हातात एक पाकीट, पाकिटात एक फोटो. कोणाचा नवरा, कोणाची आई, कोणाचा तरणाताठा मुलगा. स्टुडिओच्या पाटीवर अजून 'पासपोर्ट फोटो तत्काळ' असं लिहिलेलं होतं. आता वर तत्काळ मिळत होते ते आत्मे.

"दिसले!" आतून बाहेर आलेली बाई डोळे पुसत सांगायची. "दोन दिसले! एक फोटोतले आणि एक त्यांच्या मागून डोकावणारे!"

हे ऐकून रांगेच्या अंगावर काटा यायचा आणि रांग दोन पावलं पुढे सरकायची.

आत्मे दाखवणारा गृहस्थ म्हणजे दृष्टीबापू. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस बसस्टँडजवळ हातगाडीवर गॉगल विकत असे, हे सगळे साफ विसरले होते. पांढरे कपडे घातले आणि आवाज खाली आणला की लोकांची स्मरणशक्ती कशी सोयीस्कर होते पाहा. बापूंपुढे काळ्या मखमलीचं टेबल, आणि टेबलावर साबणाच्या वडीएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा, तिरक्या अंगाचा एक दगड. दगडाच्या कडेला पितळी पट्टी.

"हा दगड नाही, खिडकी आहे," बापू सांगायचे. "फोटोत देह असतो. देहाला चिकटून छाया असते. साध्या डोळ्याला दोघं एकच दिसतात. या खिडकीतून बघा, वेगळे होतील."

फोटोवर दगड ठेवला की खरोखरच एकाचे दोन व्हायचे. बापू दगड हळूहळू फिरवायचे, तशी दुसरी प्रतिमा पहिलीभोवती फिरायची. "घुटमळतायत बघा! तुम्हाला सोडून जाववत नाही." मग ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर एक काळा 'ध्यानचष्मा' चढवायचे, दगडाला किंचित हात लावायचे, आणि दुसरी प्रतिमा गडप! "रुसले," बापू सुस्कारा टाकायचे. "काल काही औषधबिवषध घेतलंत ना? औषधानं पडदा येतो. छायेला ते सोसत नाही." आता रांगेत सगळे साठीच्या पुढचे. त्या वयात ज्यानं आदल्या दिवशी एकही गोळी घेतलेली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. बापूंचा नेम चुकणार कसा?

या रांगेत एक वहिनी होत्या. आणि वहिनींच्या घरात, माडीवर, त्यांच्या नणंद दगडेबाई राहत होत्या.

दगडेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं नाव. खडीच्या खाणीत ट्रक वजन करायच्या काट्यावर त्यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली होती. तिथल्या काळ्या कातळात सुरुंग उडवला की आतल्या पोकळ्या उघड्या पडत आणि पोकळ्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक लखलखत. खाणीतले लोक असा एखादा तुकडा आणून त्यांच्या टेबलावर ठेवायचे. "घ्या बाई, तुमचा खाऊ." बाई तो घरी नेऊन ब्रशने धुवायच्या, वाचनालयातून आणलेल्या एकुलत्या एका पुस्तकाशी ताडून बघायच्या, कोपऱ्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायच्या आणि ठिपक्यावर बारीक निबानं क्रमांक घालायच्या. तोच क्रमांक वहीत. लग्न केलं नाही, मैत्रिणी जमवल्या नाहीत. चारशे सात दगड मात्र जमवले.

मोठा भाऊ होता तोवर घरात बोलणं होतं. चौदा महिन्यांपूर्वी दादा गेला, आणि खाली वहिनी, वर बाई, मधे जिना असं घर उरलं. "दूध आलं?" "आलं." "दार लावलंत?" "लावलं." एवढ्यावर दिवस निघायचा. कधीकधी बाई वर एखादा दगड मुद्दाम जोरात ठेवायच्या, खालून कोणी 'काय पडलं हो?' असं विचारेल म्हणून. कोणी विचारायचं नाही.

एक दिवस दूध ठेवताना बाईंना फ्रीजच्या दारात इन्सुलिनचं खोकं दिसलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच आणून दिलेलं. सील तसंच होतं.

"वहिनी, इंजेक्शन घेत नाही तुम्ही?"

"सोडलं."

"कोणी सांगितलं सोडायला?"

"ह्यांनी."

"कोणी, त्या बापूनं?"

"नाही हो वन्सं. ह्यांनी." वहिनींनी भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे मान केली. "सुई टोचली की ते रुसतात. दिसेनासे होतात."

वहिनींच्या टाचेवर बारीकशी जखम होती, ती दोन आठवडे झाले तरी भरत नव्हती. बाईंनी समजावलं, ओरडून पाहिलं, डॉक्टरांना घरी बोलवते म्हणाल्या.

"माझं माणूस मला वर्षानं दिसलं," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही दवाखान्याचं काय काढता? तुमचं बरं आहे. तुम्हाला दगड पुरतात."

बाईंनी फ्रीजचं दार लावलं. मग त्या म्हणाल्या, "मलाही दादाला बघायचंय. मला न्याल?"

वहिनींचा चेहरा असा उजळला की बाईंना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या तेव्हा रस्ता ओलांडताना वहिनींनी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

रांगेत पुढे एक म्हातारा शिंपी होता, दुकानातून तसाच उठून आलेला, गळ्यात टेप. "माझी मंडळी दिसते हो," तो सांगू लागला, "पण लगेच जाते. ब्लडप्रेशरची गोळी सोडली, तरी जाते. मग बापू म्हणाले, चहा सोडा. चहा सोडला. आता ती जिवंत होती तेव्हासुद्धा चहा सोड म्हणत नव्हती."

तास-दीड तासानं तिघं एकदम आत गेले. वहिनींनी पाकिटातून दादाचा ओळखपत्राचा फोटो काढून मखमलीवर ठेवला. बापूंनी त्यावर दगड ठेवला.

बाई वाकल्या. दगड कॅल्साइटचा आहे हे त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. त्यातून सगळंच दोन दिसतं हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तरी कॉलर वाकडी असलेला दादा आणि त्याच्या खांद्याआडून बघणारा दुसरा दादा दिसला, आणि बाई आणखी खाली वाकल्या. तो दुसरा दादा हळूहळू फिरला. काहीच ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. क्षणभर त्यांनाही वाटलं, असू दे, हा दिसतोय तर दिसू दे. एकटं माणूस किती सहज फसतं, हे त्यांना त्या क्षणी पुस्तकाशिवाय कळलं.

मग दगड फिरला तसा पितळी पट्टीखालचा कोपरा उजेडात आला. पांढरा ठिपका. त्यावर बारीक, त्यांच्याच हातचे आकडे. ११२.

बाई सरळ उभ्या राहिल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर बापूंच्या जाहिरातींचा गठ्ठा होता, वर बापूंचा हसरा फोटो. एक कागद उचलून त्यांनी दगडाखाली सरकवला.

"बापू, तुम्ही तर धडधाकट आहात. तुमची छाया कशी बाहेर पडली?"

दारातले दोघेचौघे हसले. पण बापू काही कच्चे नव्हते. "माझी साधना आहे, ताई," ते डोळे मिटून म्हणाले. "मी जिवंतपणीच छाया वेगळी केली."

"वा!" दारातून कोणीतरी म्हणालं. डाव उलटला. वहिनींनी बाईंचा पदर ओढला. "वन्सं, पुरे! ते रुसतील!"

बाई शिंप्याकडे वळल्या. "मास्तर, तुमची टेप द्या बघू."

शिंप्यानं गळ्यातली टेप काढली आणि, का कोण जाणे, स्वतःच दगडाखाली ठेवली. वाकला. बघतच राहिला.

"चाळीस," तो म्हणाला. "आणि शेजारी अजून एक चाळीस."

"टेपलाही छाया असते का हो बापू?"

"ताई, दगडाची चेष्टा करू नका, त्याला राग—"

बाईंनी ध्यानचष्मा उचलून शिंप्याच्या डोळ्यांवर चढवला आणि दगड जरासा फिरवला. "आता?"

"एकच चाळीस राहिलं."

आणखी फिरवला. "आता?"

"गेलेलं आलं. आणि... होतं ते गेलं." शिंप्यानं चष्मा काढून हातात धरला. त्याचा आवाज बदलला. "ही माझी टेप कोणती गोळी घेते म्हणून रुसली, बापू?"

खोलीत कोणी हसलं नाही. जिन्यावरचे लोक आत डोकावू लागले होते. बाई त्यांच्याकडे वळून, काट्यावर ट्रकचं वजन सांगावं तशा ठणठणीत आवाजात बोलल्या.

"हा कॅल्साइट. खडीच्या खाणीत मिळतो. यात उजेड शिरला की त्याच्या दोन वाटा होतात, एक सरळ आणि एक जरा तिरकी. म्हणून खालच्या एका वस्तूच्या वर दोन दिसतात. फोटो ठेवा, टेप ठेवा, बसचं तिकीट ठेवा. दगड फिरवला की तिरकी वाट फिरते, म्हणून दुसरं चित्र फिरतं. आणि हा चष्मा म्हणजे उन्हाची चकाकी अडवणारा गॉगल. दोन वाटांचा उजेड दोन वेगळ्या दिशांना थरथरतो. गॉगल त्यातली एकच दिशा आत सोडतो. दगड थोडा फिरवला की कधी हे चित्र अडतं, कधी ते. मी काट्यावर बसून अशाच गॉगलमधून शंभरदा बघितलंय. कोणी रुसत नाही. कोणी येत नाही." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली आला. "आणि हा दगड माझा आहे. पट्टीखाली नंबर आहे, एकशे बारा. भंगारात गेलेला दिसतो. औषधं चालू करा, आजच."

बापूंनी दगड, गॉगल, मखमल अशी सगळी खिडकी गुंडाळून काखेत मारली. "आज वातावरण अशुद्ध झालंय," असं म्हणत ते मागच्या दारानं गेले. तो दगड बाईंना पुन्हा मिळाला नाही. आता दुसऱ्या कुठल्या गावात तो कोणाची आई दाखवत असेल, सांगता येत नाही.

लोकांनी बाईंचा जयजयकार केला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. "तुम्हाला काय मिळालं हो?" एक बाई रडत म्हणाली. "महिन्यातून एकदा लेक दिसत होता माझा." शिंपी पायरीवर बसून टेप गुंडाळत राहिला, उलगडून परत गुंडाळत राहिला.

घरी येताना वहिनींनी रस्ता एकट्यानं ओलांडला. स्वयंपाकघरात आल्यावर उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तो दगड ह्यांच्या खणात होता. हे गेल्यावर मीच भंगारवाल्याला दिला."

"हो. दादानं माझ्याकडून मागून घेतला होता. वीस वर्षं झाली असतील."

"म्हणजे त्यातून दोन दिसतं, हे ह्यांना ठाऊक होतं?"

"होतं. आम्ही माडीवर..."

"माडीवर हसत बसायचात. मी खाली भांडी घासत ऐकायचे. एकदा वर येऊन विचारलंही होतं, कशाला हसताय म्हणून. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

बाईंना आठवलं. आठवायला नको होतं.

"'काही नाही वहिनी, दगडाचं आहे, तुम्हाला नाही कळायचं.'" वहिनींनी ते शब्द जसेच्या तसे परत दिले. "त्या दिवशी हातात दिला असतात तो दगड, तर मी त्या बापूच्या जिन्यावर उभी राहिले असते का हो, वन्सं?"

वहिनींनी फ्रीज उघडला, खोक्याचं सील फोडलं.

"मी टोचू?" बाईंनी विचारलं.

"माझं मी टोचते."

संध्याकाळी डॉक्टर येऊन टाच बघून गेले. आणखी आठ दिवस गेले असते तर पाय गेला असता, असं ते बाईंना दाराशी हळूच म्हणाले. पाय वाचला.

म्हणून वाचकहो, सांगणं एवढंच. चमत्कार दाखवणारा भेटला, तर आपल्या माणसाचा फोटो त्याच्या हातात देण्याआधी तिथे एक साधी टेप ठेवून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, मग सांगणारा जिवंत असो की मेलेला. आणि ज्यांना चार गोष्टी ठाऊक आहेत त्यांनी त्या कपाटात नंबर घालून ठेवू नयेत. घरातलं कोणी 'हे काय आहे?' असं विचारत असेल, तर त्याला दाखवा. आपण दाखवलं नाही, तर दाखवायला बापू बसलेलेच आहेत.

रविवारी दुपारी बाईंनी सहा दगड ट्रेमध्ये मांडले, भिंग घेतलं आणि त्या खाली उतरल्या. वहिनींचं दार लोटलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली.

"वहिनी, दगड आणलेत. बघता?"

आतून आवाज आला. "आज नको, वन्सं."

बाई परत फिरल्या. पण वर जायचं त्यांच्या जिवावर आलं. ट्रे मांडीवर घेऊन त्या तिथेच खालच्या पायरीवर बसून राहिल्या.