पेरूच्या पाल्याचं तळं

थोरल्या जावेला सगळे मुकादमीण म्हणत, आणि ते तिला आवडायचंही. माशांची तळी तिनेच उभी केली होती, अगदी बांध घालण्यापासून जाळं ओढण्यापर्यंत. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल.

धाकटी जाऊ लग्नाआधी औषधी पाल्याची पूड करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. एका वर्षी माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. नेहमीचं औषध खाद्यात कालवूनही मासे मरून वर यायला लागले. कसाबसा तो हंगाम निभावला, तेव्हा धाकटी चाचरत म्हणाली, "ताई, यंदा खाद्यात लसूण आणि पाला घालून बघू या का?"

"मासे पाळतोय आपण. जिवंतपणीच त्यांना फोडणी देतेस की काय?"

धाकटी हसली, पण हटली नाही. मासे तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिने गाठलं. त्या म्हणाल्या, "काही वनस्पतींनी माशांची ताकद वाढते. पण रोग आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, आधीपासून द्यायला हवं. एका तळ्याला द्या, दुसऱ्याला देऊ नका. मग काय ते कळेल."

"कोपऱ्यातलं तळं घे," मुकादमीण म्हणाली. "माझ्या मोठ्या तळ्याकडे फिरकायचं नाही."

पहिल्याच खेपेला धाकटीने कडुनिंबाचा पाला सढळ हाताने घातला. माशांनी खाद्याचे दाणे तोंडात घेतले आणि थुंकून टाकले. मुकादमीण बांधावर उभी राहून पोट धरधरून हसली. "सुगरण आहेस हो!"

धाकटीने कडुनिंब सोडला. पेरूचा पाला सावलीत वाळवून दळला, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने लसणाची पूड मिसळली आणि दाण्यांना तेलाचा हात लावून त्यावर ती चढवली. मासे खायला लागले. घरात मात्र लसणाचा असा घमघमाट सुटला की धाकटीच्या नवऱ्याने उशी उचलून बांधावरची खोली गाठली.

मग हवा पालटली, पाणी गारठलं आणि सगळीकडच्या तळ्यांत चट्टे परतले. मुकादमीण रोज सकाळी मोठ्या तळ्यातून मेलेले मासे काढायची. एकदा हातातली टोपली तशीच टाकून ती कोपऱ्यातल्या तळ्यावर गेली आणि मूठभर दाणे फेकले. पाणी नुसतं उसळलं. तिने हातजाळीने काही मासे काढून उलटेपालटे करून पाहिले. एकदोन माशांवर चट्टे होते, पण सुकत आलेले. बाकीच्यांचे पर धड, खवले लखलखीत. तिने ते मासे जपून परत पाण्यात सोडले. पोटात मोठ्या तळ्याचं दुःख होतं, आणि तरी ऊर भरून येत होता.

पुढे तळेवाल्यांची बैठक झाली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळ्यांची हकिकत सांगितली आणि अजून ठिकठिकाणी करून बघायला हवं, असंही म्हणाल्या. खाद्य विकणारा एकजण हसला. "घरच्या घरी केलेले प्रयोग हे. योगायोग म्हणायचा."

धाकटीने मान खाली घातली. मुकादमीण उठली.

"मोठं तळं माझ्या हाताखाली होतं. ते अर्धं रिकामं झालं, हे मी चारचौघांत सांगते. हिचं भरलेलं आहे. पाणी एकच, पिल्लं एकाच खेपेची, मध्ये फक्त बांध. हा योगायोग असेल, तर तो मला माझ्या प्रत्येक तळ्यात हवाय." मग धाकटीचा दंड धरून तिने तिला उभं केलं. "विचारायचं ते हिला विचारा. मला फक्त हसता आलं होतं."

लोक धाकटीभोवती जमले. पाला कोवळा घ्यायचा की जून, उन्हात वाळवला तर काय होतं, असे प्रश्न सुरू झाले. आधी तिचा आवाज कापत होता, मग कारखान्यात काम शिकवताना लागायचा तसा खणखणीत लागला. खाद्यवालासुद्धा खुर्ची पुढे ओढून ऐकू लागला.

मुकादमीण मागे भिंतीशी धाकटीची पिशवी छातीशी धरून उभी होती. शेजारच्या तळेवाल्याला तिने कोपराने ढोसलं.

"जाऊ आहे माझी," ती म्हणाली.

"माहीत आहे की," तो म्हणाला.

"असू दे. तरी सांगते."