मंगळवारची मंडळी

मित्रांनो, मी आजवर कुणालाही मुद्दाम घाबरवले नाही. तरीही मला पाहून घाम फुटणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि माझा जीव जडला तो त्यांच्यावरच. अलेक्झांड्रियात, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका पाच मजली इमारतीतली मी जुनी लिफ्ट आहे.

अक्रोडाच्या लाकडाचे अंग, पितळी मुठी, लखलखीत आरसा आणि दमलेल्यांसाठी एक घडीची बैठक, असा माझा थाट होता. माझ्याभोवती लोखंडी जाळी आणि जाळीभोवती वळत जाणारा जिना. नव्या नवऱ्या माझ्या आरशात बघून लाजत. पुढे खाऱ्या वाऱ्याने आरसा आंधळा झाला, मी कण्हू लागले आणि लोक म्हणू लागले, "हे खटारं काढणार तरी कधी?"

अशा पडत्या काळात मंगळवारची मंडळी माझ्याकडे आली.

पाचव्या मजल्यावर दोरिया राहते. एके काळी भीतीच्या झटक्यांमुळे तिला उंबरठा ओलांडवत नसे. डॉक्टरांच्या औषधाने ती सावरली. पण "गोळी काही आपला हात धरून रस्ता ओलांडत नाही," असे ती म्हणे. म्हणून तिने आपल्यासारख्यांना मंगळवारी संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. तिथे कुणी गुरू नाही. जास्वंदीचा लाल चहा घेत प्रत्येकाने आपापल्या भीतीशी कसे निभावले ते सांगायचे, आणि पुढचे छोटे पाऊल स्वतःच ठरवायचे. हे मला कसे कळले? अहो, त्यांच्या निम्म्या गप्पा माझ्यातच रंगतात!

या मंडळीतच होत्या इन्शिराहबाई, निवृत्त शिक्षिका. सुजलेल्या गुडघ्यांनी जिना चढत, पण माझ्यात पाऊल टाकीत नसत. "माझ्या नावाचा अर्थ मोकळी छाती," त्या म्हणत, "आणि लिफ्टचं दार मिटलं की छातीवर म्हैस येऊन बसते!"

सगळे हसत. त्याही हसत. पण एका मंगळवारी त्या जिन्यातच खाली बसल्या. त्यांची लेक नशवा अकराव्या मजल्यावर राहत होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. त्याच दिवशी बाई भात भरून शिजवलेल्या कबुतरांचे पातेले घेऊन तिच्या इमारतीपर्यंत गेल्या होत्या आणि पातेले दरबानाच्या हाती देऊन परत आल्या होत्या.

"तिला वाटतं, आई रुसलीय," बाई म्हणाल्या. "कसं सांगू, की आई एका डब्याला भिते?"

मंडळीत लुत्फी न्हावी होता. भर दुकानात हात थरथरला, तेव्हापासून त्याने वस्तरा खाली ठेवला होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या डब्यापाशी मी उभा राहतो. माझ्या वस्तऱ्यापाशी तुम्ही राहा. ठरलं?"

ठरले. आधी बाई माझे दार उघडे ठेवून आत नुसत्या उभ्या राहिल्या. मग दार लावून. मग दोरिया आणि लुत्फीसोबत एक मजला. आणि एका संध्याकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "लेकीकडे तुम्ही थोडेच असणार? आज एकटी जाते."

मी जपून निघाले. दोरिया आणि लुत्फी जिन्याने बरोबर चढत होते. तिसरा मजला सुटला आणि बाईंचा श्वास अडकला. त्यांनी घाबरून लाल बटण दाबले. मी अधांतरी थांबले.

"मेले! मी मेले!" त्या ओरडल्या.

"थांबा, मिस्त्रीला बोलावतो!" लुत्फी पळू लागला.

"लुत्फी, इथंच थांब," दोरिया म्हणाली. ती जाळीला टेकून पायरीवर बसली. "बाई, मी इथं आहे. बिघडलेलं काही नाही. तुम्हीच थांबवलीत, तुम्हीच सुरू करू शकता."

"नाही गं जमत!"

"आत्ता नका करू. लाट आहे, वर चढतेय. तिला ढकलू नका. श्वास हळू सोडा."

"आणि बाई, जरा मला ओरडा ना," जाळीतून लुत्फी म्हणाला. "शाळेत ओरडायचात तशा."

"गप्प बस, गाढवा!" बाई कडाडल्या. आणि त्यांनाच हसू फुटले. रडता रडता हसू. त्या माझ्या बैठकीवर बसल्या. माझ्या लाकडाला त्यांच्या पाठीतून छातीची धडधड कळत होती. मित्रांनो, मला हात असते तर मी त्यांना पोटाशी धरले असते. हळूहळू ती धडधड ओसरली. कुणी सांगितले नाही. त्या उठल्या, डोळे पुसले आणि त्यांनी पाचव्या मजल्याचे बटण दाबले.

नात झाली, तेव्हा बाई अकराव्या मजल्यावर गेल्या. "घाबरलात?" पुढच्या मंगळवारी दोरियाने विचारले. "घाबरले तर! घामानं ओली झाले. पण भीतीला म्हटलं, तूही चल, बाळ बघायला." लेकीला त्यांनी सगळे खरे सांगितले. ती गळ्यात पडून रडली म्हणे.

परवा मंडळीत एक नवी मुलगी आली. मला पाहून पांढरीफटक पडली. दार धरून उभ्या असलेल्या, इमारतीतल्याच एका शेजाऱ्याने "अहो, यात घाबरण्यासारखं काय आहे?" म्हणत तिचा हात ओढला. इन्शिराहबाई आत चढल्या होत्या. त्या लगेच बाहेर आल्या.

"सोडा तिला," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. "चल बेटा, आज जिन्यानं. माझे गुडघे कुरकुरतील, तू लक्ष देऊ नकोस."

मित्रांनो, माझे तेलपाणी कराच. पण भ्यालेल्या माणसाला ओढू नका. त्याच्या पायरीने चाला. त्या दोघी एकमेकींना धरून वर चालल्या होत्या, आणि मी रिकामी, खाली, त्यांची पावले ऐकत होते. इतकी सुखी मी नवरी मुलीला नेतानाही झाले नव्हते.