पाकिटाच्या मागचा शिक्का

अहमदपूरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग रस्त्यावर आला होता. बायका खिडक्यांचे गज धरून उभ्या होत्या. व्यासपीठावर झेंडूच्या हारांत बुडालेले लातूरचे अंकनाथ महाराज, आणि त्यांच्यामागे काचेच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पाकीट. महाराजांचं सगळं दुकान त्या पाकिटावर चाललं होतं. वर टपालाचा शिक्का २७ सप्टेंबर १९९३चा, शेजारी आतली चिठ्ठी: 'भुई हलणार. जपा.' त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीकडची गावं झोपेतच गाडली गेली होती.

वर्षाराणीची आई शांतम्मा त्याच पहाटे भिंतीखाली गेली. वडील भीमाशंकर वाचले. त्यांनी अहमदपुरात भांड्यांचं दुकान टाकलं, मुलीला शिकवलं. आता सहा वर्षांनी ती लातुरात कोचिंग क्लासला अकाउंट्स शिकवत होती, आणि वडील महाराजांच्या पायाशी बसत होते. कल्पवेली इन्फोटेक नावाच्या कंपनीचे साठ हजारांचे शेअर त्यांनी महाराजांच्या शब्दावर घेतले होते. प्लॉट विकून आलेले दोन लाख आज द्यायचे होते. ते थांबवायला ती पहिल्या एस.टी.नं आली होती.

"आप्पा, कंपनीचा वार्षिक अहवाल बघितला मी. वर्षाची विक्री तुमच्या दुकानापेक्षा कमी आहे. नफा दिसतो तो जमीन विकून आलेला. अशा कंपनीचा शेअर अठराचा एकतीस कशानं झाला?"

"ज्याला भूकंप आधी कळला, त्याला शेअरचा भाव कळणार न्हाई व्हय?" भीमाशंकर म्हणाले.

"कळला होता, तर त्यानं एक तरी दार ठोठावायचं होतं. आपलं ठोठावायचं होतं!"

तेवढ्यात महाराजांचा आवाज चढला.

"बालकांनो, शेअर बाजार म्हंजे लक्ष्मीची पैंजणं! ती वाजायच्या आधी आम्हाला ऐकू येतात. ताळेबंद, नफा-तोटा ही सगळी माया. ताळेबंद बघतो तो संशयी, आणि संशयी माणसाला डिव्हिडंड न्हाई!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग महाराजांनी भीमाशंकरांना वर बोलावलं. शनिवारी संध्याकाळी त्यांना दुकानाच्या शटरखाली एक बंद पाकीट सापडलं होतं. लातूरचा मंगळवारचा शिक्का, वर त्यांचंच नाव आणि 'रविवारी सभेत फोडा' ही सूचना. त्यांनी ते सगळ्यांदेखत फोडलं. 'कल्पवेली, शुक्रवारी एकतीस.' एकानं शनिवारचा पेपर उघडून भाव वाचला. एकतीस!

जयजयकारानं पत्रे दणाणले. महाराजांचा मेहुणा शेषेराव कोपऱ्यातल्या टेबलावर पावतीपुस्तक उघडून बसला आणि रांग लागली.

वर्षाराणी तरातरा व्यासपीठावर चढली आणि तिनं वडिलांच्या हातातलं पाकीट उलटं केलं. मागेही एक गोल शिक्का होता. तो वाचताच ती लोकांकडे वळली.

"पोस्टमन काका आहेत का?"

वीस वर्षं गावाचं टपाल वाटणारा विरूपाक्ष दारातून पुढं आला. त्यानं चष्मा लावला.

"मागचा शिक्का पत्र जिथं पोचतं तिथला असतो माय. इथं आलं असतं तर अहमदपूरचा पडला असता. ह्यो लातूरचा हाय, बुधवारचा. लातुरात टाकलं आन् लातुरातच वाटलं. म्या काय हे आणलेलं न्हाई."

वर्षाराणीनं पाकीट खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. शाईतल्या पत्त्याखाली पुसलेल्या पेन्सिलीचे वळ दिसत होते. तिनं मोठ्यानं वाचलं, "अंकनाथ महाराज, लातूर." मग लोकांकडे बघत म्हणाली, "यांनी मंगळवारी रिकामं, उघडं पाकीट स्वतःलाच पाठवलं. शुक्रवारचा भाव कळल्यावर चिठ्ठी भरली, पेन्सिलीचा पत्ता पुसून शाईनं आप्पांचा घातला, डिंक लावला आणि माणसाकरवी शटरखाली सरकवलं. यात चमत्कार कुठला?"

"पाखंडी पोरगी! बाहेर काढा हिला!" महाराज ओरडले.

"जरूर काढा. त्याआधी ज्यांनी शेअर घेतलेत त्यांनी शेअर नावावर करायचा आपापला ट्रान्सफर फॉर्म बघा. विकणाऱ्याचं नाव काय?"

कुणी पिशवीतून, कुणी खिशातून कागद काढले. एक म्हातारी म्हणाली, "शेषेराव." मागून आणखी कुणीतरी, "माझ्याबी. शेषेराव."

"मातीमोल भावानं यांनी गठ्ठा घेऊन ठेवला. तुम्ही सगळे एकदम मागायला लागलात म्हणून भाव चढला, आणि चढत्या भावात हे तुम्हालाच विकत राहिले. यांचा माल संपला की घेणारं कुणी नसेल. तेव्हा विकून दाखवा!"

शेषेराव पावतीपुस्तक गुंडाळायला लागला. लोकांनी टेबल घेरलं. त्या गोंधळात भीमाशंकर मात्र भिंतीकडे गेले. त्यांनी चौकट उतरवून काच फोडली आणि ते जुनं पाकीट उलटं केलं. मागे लातूरचाच शिक्का होता, २८ सप्टेंबरचा.

"म्हंजे हे..." त्यांनी पाकीट मुलीपुढं धरलं.

"दर आठवड्याला अशी रिकामी पाकिटं टाकून ठेवत असणार, आप्पा. काही घडलं की त्या तारखेचं काढायचं. आपण आईला ढिगाऱ्यातून काढत होतो, तेव्हा हा माणूस चिठ्ठी लिहीत होता."

भीमाशंकरांनी महाराजांच्या गळ्यातले हार एका हिसक्यात तोडले. हात उचलला, पण मारलं नाही. पोलीस येईपर्यंत ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

दोन लाख वाचले, साठ हजार बुडाले. एकतीसचा शेअर महिन्याभरात चारवर आला आणि चारलाही कुणी घेईना. कंधारपर्यंतची माणसं बुडाली होती. त्यातली कित्येक अजून म्हणत होती की महाराज खरे, मेहुणा खोटा.

एका दुपारी दुकानात भीमाशंकर मुलीला म्हणाले, "कुणाला तरी आधी ठावं होतं, ह्याचाच मला आधार वाटायचा गं."

"कुणालाच ठाऊक नव्हतं, आप्पा. उद्याचा भावही कुणाला ठाऊक नसतो. शेअर म्हणजे धंद्यातला वाटा. दुकान विकत घेताना तुम्ही काय विचाराल? गल्ला किती, देणं किती, आणि चालतं दुकान हा विकतोय कशाला. शेअर घेतानाही एवढंच विचारायचं. उत्तर न देता जो चमत्कार दाखवतो, त्याला पैसे द्यायचे नाहीत."

भीमाशंकरांनी गल्ल्याखालून पेन काढलं. "सावकाश सांग," ते म्हणाले, "लिहून घेतो. गिऱ्हाइकांनाबी सांगता येईल."