शेंगांच्या पोत्यांखालची घडवंची

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. लगेच नाक मुरडू नका! सामान जमिनीपासून उंच ठेवायला चार ठेंगणे पाय आणि वर लाकडी पट्ट्या, एवढंच माझं रूप. मला घडवणाऱ्या सुताराला कुणीतरी विचारलं, "पट्ट्यांमध्ये फटी का? लाकूड कमी पडलं वाटतं!" तो म्हणाला, "वाऱ्याला जायला वाट नको?" तेव्हापासून वाऱ्याला वाट देणं हेच माझं काम.

भाजलेल्या शेंगा विकणाऱ्या आत्यांच्या मालाच्या खोलीत मी राहते. सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणते. नवा माल आला की आत्या शेंग कानाशी धरून हलवतात. दाणे खुळखुळले तर माल आत, नाहीतर पुन्हा उन्हात. फुटक्या, काळ्या शेंगा निवडून बाजूला काढायच्या आणि मगच पोती माझ्या पाठीवर चढवायची, तीही भिंतीपासून हातभर दूर. आत्यांच्या शेंगा बालवाडीतल्या पोरांना रोज मूठमूठ मिळतात. आत्यांची लाडकी भाची चिमी त्यांतलीच एक.

एकदा आत्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि त्यांच्या भावाला साफसफाईची हुक्की आली. माझ्यावर उभं राहून त्याने छत रंगवलं, मला अंगणात टाकलं, फरशी धुतली आणि ती नीट वाळायच्या आत पोती थेट खाली, भिंतीला टेकवून रचली. वर धूळ नको म्हणून प्लॅस्टिक गच्च गुंडाळलं!

"अहो, घडवंची बाहेरच राहिली," वहिनी म्हणाली.

"राहू दे गं. नुसती जागा अडवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तर तळपायही चार! पण लाकडाचं ऐकतो कोण? अंगावर रंगाचे डबे घेऊन मी ऊन खात पडून राहिले. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं.

आत्या परतल्या त्या हातातली पिशवीही न ठेवता खोलीत शिरल्या. प्लॅस्टिकला आतून घाम फुटला होता. त्यांनी तळाच्या पोत्यात हात घातला, तर आत ऊब. एक शेंग कानाशी हलवली. आवाजच नाही. फोडली तर दाण्यावर हिरवी भुकटी.

"भाजल्यावर जाईल की," भाऊ पुटपुटला.

"बुरशी मरेल रे, तिचं विष नाही मरत."

"मग गाईला घालू?"

"आणि तिचं दूध कोण पिणार? तुझी चिमीच ना?"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. वरच्या पोत्यातल्या शेंगा त्याच सकाळी बालवाडीत गेल्या होत्या. चिमीनेही खाल्ल्या होत्या.

तळाची पोती लांब खोल खड्ड्यात पुरली, म्हणजे कुठलं जनावर तोंड लावणार नाही. वरच्या प्रत्येक पोत्यातल्या शेंगा तपासायला प्रयोगशाळेत पाठवल्या. निकाल येईपर्यंत भट्टी बंद होती. भाऊ धड जेवेना. चिमी मात्र माझ्यावर उड्या मारत होती. आत्या तिच्याकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. मीही देवाचा धावा करत होते.

अखेर फोन वाजला. वरची पोती चांगली होती! भाऊ मटकन खाली बसला, तो नेमका माझ्यावर. मी कुरकुरले, पण आनंदाने. "हुश्श!" म्हणून आत्यांनी डोळे पुसले आणि चिमीला इतकं घट्ट धरलं, की ती ओरडली, "आत्या, सोड ना!"

मित्रांनो, भावाने स्वतः मला घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या जागी नेलं. शेंग कडवट किंवा खवट लागली, तर भिडेखातर गिळू नका, थुंकून टाका. आणि घरात कुठे माझ्यासारखी घडवंची असेल, तर तिच्याखाली मोकळी जागा दिसते म्हणून काही कोंबू नका. परवा चिमी तिथे आपली बाहुली लपवायला आली होती. भावाने तिला हळूच उचललं.

"तिथे नको गं," तो म्हणाला, "तिथे वारा ठेवलाय."