खांद्यापासून कोपरापर्यंत

“हात वर घ्या बाबा. अजून. अजून थोडा. बस, तिथेच धरा.”

खुर्चीत बसलेल्या बाबांनी श्वास रोखून हात धरला. त्यांच्या उजव्या खांद्यावर आणि कोपरावर मी लाल चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. समोर पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवला होता. त्याच्या कॅमेऱ्याने फोटो घेतला, मी लिहिलेल्या प्रोग्रामने ते दोन ठिपके शोधले आणि पडद्यावर आकडा आला.

“किती?”

“एक पूर्णांक शून्य सहा.”

“एक?” बाबांनी हात सोडूनच दिला. “एवढा जीव काढला आणि एक?”

“शून्य तर नाही ना आलं!” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मला हसू आलं. चूक माझीच होती. कॉम्प्युटरच्या भाषा कोन अंशांत सांगत नाहीत, रेडियनमध्ये सांगतात. उत्तराला एकशे ऐंशीने गुणून ‘पाय’ने, म्हणजे ३.१४ने, भागावं लागतं. दहा वर्षं पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिणारी मी, आणि नेमकं हेच विसरले. एक ओळ वाढवली.

“एकसष्ट.”

“म्हणजे अजून एकोणतीस,” बाबा म्हणाले.

नव्वद हा आकडा कारखान्याच्या मालकांनी दिला होता. बाबांना पक्षाघात झाला त्याला तेव्हा चार महिने झाले होते. पाय बराचसा सुधारला, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र मागे राहिला. मालक भेटायला आले तेव्हा म्हणाले होते, “हात खांद्याइतका वर येऊ दे, गुण्या. तुझं मशीन तुझंच आहे.”

कारखान्यात बाबांना सगळे गुण्या म्हणत, कारण काटकोन तपासायला त्यांना कधी गुण्या लागलाच नाही. चौतीस वर्षं त्यांनी पत्रा वाकवला. इमारतींमध्ये हवा खेळवणारे जे चौकोनी पाइप असतात, त्यांची वळणं ते करत. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण पाया इतका आणि उंची इतकी म्हटलं की दोरी आणि खडू घेऊन पत्र्यावर बिनचूक रेघ मारत. पत्रा वाकवायच्या मशीनचा दांडा खांद्याच्या उंचीवर असतो. तिथे हात पोचला तर काम, नाही तर घर. हिशेब इतका सरळ होता.

व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक बाई येत. प्लॅस्टिकचं कोनमापक खांद्याला लावून आकडा वहीत लिहीत. बाबांना तो पटत नसे. “त्या टोक नीट ठेवतच नाहीत गं. आठ-दहा अंश खातात माझे.” म्हणून मी प्रोग्राम लिहिला. खांद्यापासून कोपर किती आडवं आणि किती खाली आहे, ही दोन अंतरं दिली की कोन काढणारं फंक्शन तयारच असतं. लोंबता हात शून्य, जमिनीला समांतर हात नव्वद. बाबांना समजावून सांगायला गेले तर म्हणाले, “हे तर आमचंच काम की! तुला पगार देतात याचा?”

मग रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी आमची मोजणी सुरू झाली. एकसष्टचे चौसष्ट झाले, मग एकोणसत्तर. चौथ्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर आले आणि मी टाळीच वाजवली. आईने भिंतीवर कागद चिकटवला. त्यावर मी रोजचा ठिपका काढायचे आणि ठिपक्यांची रेघ वर चढत होती.

व्यायामाच्या बाईंनी त्याच आठवड्यात चौसष्ट लिहिले.

“मला तरी इतकेच दिसतायत,” कागदाकडे बघत त्या जपून म्हणाल्या.

“तुमचं कोनमापक जुनं झालंय,” बाबा म्हणाले. मी त्यांची बाजू घेतली. कॅमेरा, दशांशाच्या पुढे सहा आकडे देणारं गणित एकीकडे आणि हातातलं प्लॅस्टिक एकीकडे. बाईंनी वही मिटली.

“हल्ली खुर्चीत डावीकडे कलतात गं,” आई एकदा म्हणाली. “पडतील एखाद दिवशी.” मी डाव्या बाजूला उशी लावली आणि विषय संपवला.

सहाव्या आठवड्यात एका शनिवारी नव्वद आले. आईने साखर आणून बाबांच्या तोंडात घातली. बाबांनी डाव्या हाताने मालकांना फोन लावला. “सोमवारी येतो,” म्हणाले. समोरून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ नुसते बसून होते. मला वाटलं, आनंद झाला.

सोमवारी मी रजा घेतली. बाबांनी कारखान्याचा निळा सदरा घातला. बटणं आईने लावली. आत शिरताच कामं थांबली, माणसं भोवती जमली. “आला रे गुण्या!” कोणीतरी ओरडलं. एकाने त्यांचं मशीन फडक्याने पुसून ठेवलं होतं. त्यात पातळ पत्र्याचा तुकडाही लावून ठेवला होता, मुद्दाम सोपा.

बाबा मशीनसमोर उभे राहिले. उजवा पाय खालच्या पट्टीवर दाबून ठेवायचा आणि हाताने दांडा ओढायचा. त्यांनी पाय ठेवला. हात उचलला. मी त्यांच्या मागे होते. मशीनचा उभा लोखंडी खांब आणि बाबांची पाठ मला एका रेषेत दिसत होती. हात वर जाऊ लागला तशी पाठ खांबापासून सुटू लागली. डावीकडे झुकली. अजून झुकली. बोटं दांड्याच्या जवळ आली आणि पट्टीवरचा पाय सटकला.

दोघांनी त्यांना धरलं.

“परत एकदा,” बाबा म्हणाले.

परत तेच झालं. तिसऱ्या वेळी मालक पुढे आले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “घाई काय आहे गुण्या? चहा घे आधी.” सगळे एकदम चहाबद्दल बोलू लागले.

घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी लॅपटॉप उघडला. सहा आठवड्यांचे सगळे फोटो होते. पहिल्यापासून एकेक बघत गेले. मी रोज आकडा बघत होते, बाबांकडे बघितलंच नव्हतं. खुर्चीतला माणूस दर आठवड्याला थोडा थोडा तिरका होत गेला होता. माझ्या गणिताला फक्त खांदा आणि कोपर ठाऊक होतं. खांद्याखालचं शरीर सरळ आहे हे त्याने, म्हणजे मीच, गृहीत धरलं होतं.

प्रत्येक फोटोत कमरेवर तिसरा ठिपका दिला. पाठीचा कल काढला, तो वजा केला. चार ओळींचं काम. एकसष्ट. बासष्ट. बासष्ट. चौसष्ट. त्रेसष्ट. शेवटच्या शनिवारी सहासष्ट. बाईंच्या वहीत पासष्ट होते.

वजाबाकीत चिन्ह चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. फंक्शनला अंतरं उलटी दिली असतील म्हणून तेही तपासलं. चुका शोधायचाच तर मला पगार मिळतो. त्या दिवशी एकही सापडली नाही.

संध्याकाळी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. “बाबा, माझा प्रोग्राम चुकीचा होता. तुम्ही झुकत होतात, ते त्याला कळत नव्हतं.”

“पाया तिरका धरला की कोन खोटा येतो,” बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले. “हे मला ठाऊक नसेल?”

“मग बोलला का नाहीत?”

ते म्हणाले, “पहिल्यांदा आपोआप झालं. सत्तरच्या पुढे गेल्यावर तू टाळ्या वाजवायला लागलीस. मग रोज सकाळी वाटायचं, आज कमी आला तर हिचा दिवस वाईट जाईल.”

“आणि मालकांना फोन?”

“नव्वद आल्यावर काय सांगणार होतो तुम्हा दोघींना? वाटलं, जमेलही. माणसाला वाटतं.”

दारात आई उभी होती. तिने भिंतीवरचा कागद काढला, घडी घातली आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजणीचं नाव काढलं नाही. चपला घालत होते तेव्हा बाबांनी हाक मारली. त्यांनी एकट्यानेच खुर्ची ओढून भिंतीला टेकवली होती. सदरा काढून बसले होते, पाठ भिंतीला घट्ट लावून. एक ओढणी आईकडून मागून घेऊन त्यांनी छातीभोवती आणि खुर्चीभोवती बांधली होती. एका हाताने बांधलेली गाठ सैल होती. मी ती आवळली.

“लाव तुझे ठिपके. तीनही.”

कालच्या ओढाताणीने आखडलेला हात उठला. एका उंचीवर आला आणि तिथे थांबला. त्यांच्या कपाळावर घाम होता. पाठ जागची हलली नव्हती.

“किती?”

“अठ्ठावन्न.”

“लिही.”

मी वही शोधली, पेन शोधलं. तारीख घातली, आकडा लिहिला.

“लिहिलंस?”

“हो, बाबा.”

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली सोडला.